जवाईबापूंचे बर्फाचे बूट

तमाम वर्धेकरांस, तसेच बोरगाव मेघेपासून जामच्या चौरस्त्यापर्यंतच्या सुज्ञ जनतेस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, ज्या जिल्ह्यात बर्फ फक्त रसवंतीवाल्याच्या गोणपाटात सापडतो, त्या जिल्ह्यात एके वर्षी बर्फावर घसरायचे बूट येऊन दाखल झाले. ते आमच्याच घरी आले. शासनाने याची नोंद घेतली नाही. मी घेतली आहे.

साल दोन हजारच्या आगेमागे. अधिक महिना होता, म्हणजे धोंड्याचा. जावयाला सासरी बोलवायचे, ताटात पाय धुवायचे, अनारसे आणि चांदीचा दिवा द्यायचा, असा हा महिना. जे मुळात डोक्यावर बसलेलेच असतात त्यांना पुन्हा एकदा बसवण्यासाठी पंचांगाने खास महिना काढावा, हे मला कधीच समजले नाही. तर त्या महिन्यात माझी ताई आणि भाऊजी ऑस्ट्रियाहून आले. भाऊजी मूळचे पुण्याचे. त्यामुळे ताईसुद्धा आता ‘मले’ सोडून ‘मला’ म्हणायला लागली होती, आणि पाणी मागताना आधी ‘उकळलेलं आहे ना’ असे विचारायची. ज्या नळाच्या पाण्यावर ती बावीस वर्षे वाढली तो नळ तिच्याकडे बघून नुसताच सुस्कारे सोडायचा, कारण पाणी एक दिवसाआड यायचे.

पहिल्याच संध्याकाळी भाऊजींनी बॅग उघडली आणि त्यातून ते बूट काढून सतरंजीवर ठेवले. निळे, जाड प्लास्टिकचे, घोट्याच्या वर वीतभर गेलेले. प्रत्येकावर चार धातूचे खटके, आत गादीसारखा एक काळा मोजा. वजन आईच्या खलबत्त्याएवढे. मी एक पाय घालून पाहिला तर बादलीत पाय अडकल्यासारखे झाले.

मग व्याख्यान सुरू झाले. ते मी आजवर विसरू शकलेले नाही, कारण ते आम्ही त्या महिन्यात बारा वेळा ऐकले. तिकडे म्हणे एका फळीला दोन्ही पाय बांधून बर्फाच्या उतारावरून घसरतात, एक पाय पुढे, एक मागे. बहुतेक लोक मऊ बूट घालतात आणि फळी आडवी करून बर्फ खरवडत खाली येतात. भाऊजींच्या लेखी हे लोक पामर. खरे लोक कडक बूट घालतात, फळी तिच्या काठावर उभी करतात, अंग जमिनीला टेकेल इतके कलतात, आणि मागे बर्फावर एक बारीक रेघ उमटते, विळ्याने काढल्यासारखी. याला कार्व्हिंग म्हणतात.

“ते बर्फ झाडतात,” भाऊजी म्हणाले, “आम्ही कापतो.”

हे प्रात्यक्षिकासह दाखवण्यासाठी ते जेवायच्या दोन पाटांवर एकेक पाय ठेवून उभे राहिले आणि तुळशीवृंदावनाकडे कलले. आई स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. तिने मला हळूच विचारले, “याहिले चक्कर येऊन राह्यली काय?”

तर मुद्दा असा होता की हे बूट जुने होते. तिकडे कडक बुटांची चाल गेलेली, नवे सहज मिळत नव्हते, म्हणून भाऊजींनी एका म्हाताऱ्या घसरणाऱ्याचे उतरलेले बूट घेतले होते. परदेशात राहून दुसऱ्याचे जोडे घालायचे, आणि इकडे आल्यावर आमच्या मोरीला नाक दाबायचे. असो. त्या बुटांत घोट्याचे हाड दबायचे. आणि कलता येत नव्हते. ते पोटरीशी पुढे झुकवून हवे होते. मागच्या पायाची टाच उचलून हवी होती, पुढच्या पायाचा चवडा उचलून हवा होता, आणि दोन्ही गुडघे एकमेकांकडे येतील असा तळाला आतून थोडा कल हवा होता.

“तिकडे यासाठी खास माणूस असतो, बाबा,” भाऊजी जेवताना म्हणाले. “बुटाला आकार देणारा. पण तो महिनोन्‌महिने तारीख देत नाही. इथे अर्थात असं कोणी नसणारच.”

आता माझ्या बाबांविषयी. मुख्य रस्त्यावर आमचे चपला-बुटांचे दुकान. बाबांनी तीस वर्षे जोडे विकले होते. गिऱ्हाईकाच्या पायाकडे एक नजर टाकून ‘सात नंबर’ म्हणायचे, आणि सात नंबर बसला नाही तर ‘घातल्यानं सैल होईन’ म्हणायचे. एवढीच त्यांची विद्या. पण तीस वर्षे लोकांच्या पायाशी बसून त्यांचा असा समज झाला होता की जोड्यांतले आपल्याला जे कळते ते जिल्ह्यात दुसऱ्या कोणाला कळत नाही. लग्नाच्या पंगतीत बसले तरी ते समोरच्या रांगेतल्या लोकांच्या चपलांवर मत देत.

“काऊन नसन?” बाबा म्हणाले. “तुमच्या पुढ्यात बसला हाय.”

भाऊजींचा घास थांबला. “म्हणजे तुम्ही स्वतः?”

“स्वतः. माह्या हातानं. तुमी जायच्या आत जोडा तयार.”

“बाबा, ही साधी चप्पल नाहीये.”

“जवाईबापू, तीस वर्सं झाली मले. जोडा तो जोडाच राह्यते.”

स्वयंपाकघरात आई माझ्याकडे बघून म्हणाली, “याहिले चपलीचा पट्टा बसवता येत नाई.” पण ती हे बाहेर जाऊन म्हणाली नाही. जावयासमोर नवऱ्याची लाज राखायची असते. अशा राखलेल्या लाजांचे पुढे काय होते ते मी सांगतेच आहे.

झाले. तीस वर्षांची इभ्रत त्या दोन निळ्या डबड्यांत जाऊन बसली आणि खटके लागले.

पहिला प्रयोग दुसऱ्याच दुपारी, भाऊजी ताईबरोबर सेवाग्रामला गेलेले पाहून झाला. बाबांचे शास्त्र असे की प्लास्टिक गरम केले की मऊ पडते, मऊ पडले की आतून ठोकायचे. त्यांनी वरणाचा मोठा गंज चुलीवर चढवला, त्यात पाणी उकळले आणि डावा बूट त्यात सोडला. अर्ध्या तासाने तो चिमट्याने बाहेर काढून, आत मुसळ घालून, बाबांनी त्यावर असे घाव घातले की शेजारच्या घरातून कोणीतरी ‘मिरच्या कांडून राह्यले काय?’ असे विचारले. बुटाला काही झाले नाही. त्याने तिकडचे डोंगर पाहिले होते. गंजाला मात्र पोचा आला.

“वरनाच्या गंजात जोडे शिजवले तुमी,” आई म्हणाली. “आता वरन कायच्यात करू? जोड्यात?”

बाबांनी बूट पुसला. मग माझ्याकडे बघितले. मी तेव्हा पंचविशीची, लग्न व्हायचे होते आणि माझ्याजवळ लुना होती, म्हणजे गुप्त कामासाठी घरात माझ्याएवढे योग्य कोणी नव्हते. “बोरगावले चाल,” ते म्हणाले. “अन् तोंड बंद ठेवजो.”

बोरगाव मेघेत एक कारागीर होते. सगळे त्यांना मास्टर म्हणत. ते पोलिओच्या पेशंटसाठी कॅलिपर, म्हणजे पायाला बांधायच्या लोखंडी पट्ट्या, आणि जोडे बनवायचे. वर्ध्यात बाकी सगळे जोडे विकत होते. बनवणारे, म्हणजे पायाचे हाड बघून त्यावर जोडा घडवणारे, हे एकटेच. त्यांच्या स्वतःच्या डाव्या पायात कॅलिपर होते. पार आष्टी तालुक्यातून लोक लेकरांना घेऊन त्यांच्याकडे यायचे, आणि बाबा त्यांचे नाव निघाले की ‘तो वेगळा धंदा हाय’ म्हणून विषय बदलायचे.

भाऊजींनी काय काय हवे याची इंग्रजीत यादी करून दिली होती. बाबांनी मला तिचे मराठी करायला सांगितले होते. मी मराठी घेऊन बी.ए. केले होते आणि क्रियापदावाचून भागते असा त्या वयात माझा समज होता. कागद असा: ‘घोट्याच्या हाडाला त्रास. दोन्ही पाय पुढे झुकाव. मागच्या पायाची टाच वर. पुढच्या पायाचा चवडा वर. दोन्ही गुडघे आत.’ पाच ओळी. पाहिजे, करावे, द्यावे, यांतले एकही अक्षर नाही.

मास्टरांनी आधी बूट हातात घेतला, उलटा केला, बोटाने वाजवला. “हे कोन्या देशाचं कॅलिपर हाय?”

“परदेशी हाय,” बाबा म्हणाले.

मास्टरांनी कागद वाचला. पुन्हा वाचला. “मागचा पाय, पुढचा पाय? शेटजी, पेशंट मानूस हाय का जनावर?”

“मानूस हाय. जवाई हाय माहा.”

मास्टरांचा चेहराच बदलला. त्यांनी बूट मांडीवर अलगद ठेवला. “लहानपनापासून?”

इथे खरे सांगता आले असते. दोन वाक्यांचे काम होते: पेशंट नाही, हौस आहे, आणि हे मला जमत नाही म्हणून आलो. मी बाबांकडे पाहिले. पहिले वाक्य सांगायचे तर दुसरे ओघाने आलेच असते, कारण हौसेचा जोडा दुरुस्त करायला जोड्यांचा व्यापारी कॅलिपरवाल्याकडे का आला हे मास्टर विचारणारच.

“हो,” बाबा म्हणाले. “लहानपनापासून.”

“पोलिओ?”

बाबांनी छताकडे पाहिले. “तसंच काईतरी.”

“अन् तरी पोरगी देल्ली तुमी,” मास्टर म्हणाले. “मोठं मन हाय शेटजी तुमचं.”

हे प्रमाणपत्रही बाबांनी ठेवून घेतले. मान थोडी खाली घालून, मोठ्या मनाची माणसे घालतात तशी.

पेशंटला घेऊन या, असे मास्टरांनी सांगितले. बाबा म्हणाले, तो लवकरच परदेशी जायचा आहे, येऊ शकत नाही. मास्टर म्हणाले, “हो, कसा येईन बिचारा.” मग निदान माप आणा. घोट्याचे हाड जमिनीपासून किती वर, किती बाहेर, टाचेपासून किती पुढे. कागदावर पाय काढून आणू नका, हाताने चाचपून आणा, हाड कागदावर दिसत नाही.

आता जावयाचा घोटा चाचपायचा कसा? माझी खात्री आहे की धर्मशास्त्राने धोंड्याच्या महिन्याची व्यवस्था नेमक्या अशाच अडचणीसाठी केली असावी. तिसऱ्या दिवशी पाहुणे जमले, भाऊजींना पाटावर बसवले, ताट मांडले, आईने पाणी घातले आणि बाबा पाय धुवायला बसले. एरवी हे काम एका मिनिटाचे. बाबा पंधरा मिनिटे धूत होते. घोट्यावर अंगठा, टाचेवर करंगळी, मग बोटे मोजत वर. मध्येच डोळे मिटून पुटपुटायचे, “दोन बोटं अन् एक पेर.” मी मागे उभी राहून पत्रिकेच्या पाठीवर लिहून घेत होते. पाहुण्यांना वाटले मंत्र आहे. एका म्हाताऱ्या आत्याने हात जोडले.

“बाबा, पुरे आता,” भाऊजी गुदगुल्यांनी लाल होऊन म्हणाले. संध्याकाळी मात्र ते ताईला सांगत होते की पुण्यात इतक्या मनापासून कोणी काही करत नाही.

माप पोचले. आणि मापाबरोबर बातमी सुटली. मास्टर बोलणारे नव्हते, पण त्यांच्या शेजारी आईच्या भिशीतल्या एक बाई राहायच्या. चार दिवसांत आमच्या घरी अशा बायका यायला लागल्या ज्या दिवाळीलाही येत नसत. यायच्या, बसायच्या, भाऊजींच्या पायांकडे बघायच्या, नजर काढून घ्यायच्या आणि ताईच्या पाठीवरून हात फिरवायच्या. भाऊजी स्वागताला उठले की तिघी एकदम म्हणायच्या, “बसा बसा, उठू नका तुमी.” एकीने तळेगावच्या कोणा वैदूचे तेल आणले. एक म्हणाली, “चालाले तं चांगलेच दिसते हो.”

“थँक यू, काकू,” भाऊजी म्हणाले.

त्यांनी या सगळ्याचा अर्थ असा लावला की विदर्भात जावयाला विलक्षण मान असतो. ते मुद्दाम अंगणात फेऱ्या मारून दाखवू लागले. आणि मी, जिला सगळे माहीत होते, मी काय केले? चहा केला. इतकी करमणूक वर्ध्यात पुन्हा झाली नसती. आईला मात्र काही कळत नव्हते, ती नुसती तेलाच्या बाटल्या फडताळात लावत होती. मी बाबांना एकदा बाजूला घेऊन सांगितले, गावात भाऊजी लंगडे झाले आहेत. ते म्हणाले, “आठ दिवसाचा प्रश्न हाय. जातीन ते.”

बूट तयार झाल्याचा निरोप भाऊजी निघायच्या दोन दिवस आधी आला. आम्ही आणायला गेलो. घोट्यापाशी प्लास्टिक इतके सफाईने बाहेर फुगवले होते की ते कारखान्यातूनच तसे आल्यासारखे वाटत होते. “पाय सरळ होईन,” मास्टर म्हणाले. तो आम्ही आशीर्वाद समजलो. दोघांपैकी एकालाही बूट नीट बघायची बुद्धी झाली नाही. एकाने तीस वर्षे जोडे विकले होते आणि दुसरी बी.ए. होती.

“पन मी पेशंटले चालवून पाह्यल्याशिवाय जोडा सोडत नाई,” मास्टर म्हणाले.

“तो सोमवारी चालला ना परदेशात,” बाबा घाईने म्हणाले आणि बूट पोत्यात घातले.

रविवारी जेवणे झाली. ओसरीवर घरचे सगळे, भिशीच्या दोन काकू, आत्या. बाबांनी बूट ताटात ठेवून वर रुमाल झाकून आणले. रुमाल काढला तेव्हा स्वतः थोडे मागे सरकून उभे राहिले, मूर्तीकडे बघावे तसे.

भाऊजींनी पाय घातला, खटके लावले, आणि त्यांचा चेहरा खरोखर उजळला. “दुखत नाही. बाबा, अजिबात दुखत नाही. इतकं अचूक कसं काय?”

“हाड,” बाबा म्हणाले. “हाड वळखता आलं पाह्यजे. हे विकत भेटत नाई.”

मग भाऊजी उठून उभे राहिले. आणि उभेच राहिले. झेंडावंदनाला राहावे तसे. गुडघे वाकवायला गेले, वाकेनात. पुढे कलायला गेले, बुटाने त्यांना मागे आणले. त्यांनी बूट काढून हातात घेतले, पोटरीमागचा खटका पाहिला, तळ पाहिला. झुकाव होता तेवढाही काढून पोटरीचा भाग काटकोनात पक्का केलेला. टाच समतल, चवडा समतल. आतला कल हवा होता तिथे बाहेरचा. माझ्या पाच ओळींतल्या पाचही गोष्टी दुखणे समजून बऱ्या केल्या होत्या.

“बाबा, हे सगळं उलटं झालंय.”

“उलटं नाई,” बाबा म्हणाले. “मजबूत केलं.”

“पण मी सांगितलं होतं त्याच्या नेमकं उलट. हे तुम्ही स्वतः केलंत ना?”

“मंग कोन करन?”

तेवढ्यात फाटक वाजले. मास्टर आत येत होते, कॅलिपरचा पाय टाकत, हळूहळू. “सोमवारी चालले म्हने,” ते बाबांना म्हणाले, “म्हनून आजच आलो. पेशंट हेच काय?”

काकूंनी मास्टरांना ओळखले आणि पदर सावरून नीट बसल्या. मास्टरांचे कोणाकडे लक्ष नव्हते. ते भाऊजींसमोर स्टुलावर बसले. “उघड्या पायानं चाला जरा. घाबरू नका. भिंत धरली तरी चालन.”

भाऊजी त्या दिवसांत चालून दाखवायला सरावलेच होते. ते अंगणाच्या टोकापर्यंत गेले, वळले, परत आले. मास्टरांनी त्यांना पुन्हा चालवले. मग बसवले, दोन्ही घोटे हातात घेतले, गुडघे वाकवून पाहिले.

“यायचे पाय तं चांगले हायेत,” ते म्हणाले.

“अर्थात चांगले आहेत,” भाऊजी म्हणाले. “काय झालं असणार त्यांना?” आणि त्यांनी व्याख्यान सुरू केले, बारावे. बर्फ, फळी, काठ, रेघ. मास्टरांनी ते शेवटपर्यंत ऐकले.

“म्हंजे धडधाकट पाय वाकडे ठेवाचे हायेत तुमाले,” ते म्हणाले. “हौसेनं.”

“हो. म्हणजे, कार्व्हिंगसाठी.”

“मी तळेगावच्या एका पोरीचं कॅलिपर मागं ठेवून हे आधी केलं. परदेशी जाऊन राह्यले बिचारे म्हनून.” ते उठले. बूट त्यांनी स्वतःच काखेत घेतले. “वाकडं करून देईन. त्याच्यात काई नाई, सरळ कराले अक्कल लागते. पन पयले त्या पोरीचं होईन. मंग हे पाठवून देजा पोस्टानं.”

भाऊजी त्या बुटांकडे बघत राहिले. सगळा हंगाम त्यांना आता मऊ बुटांत, बर्फ झाडत काढायचा होता.

ताई मात्र बुटांकडे बघत नव्हती. तिने काकूंकडे पाहिले, फडताळातल्या तेलाच्या बाटल्यांकडे पाहिले, पाठीवरून फिरलेले सगळे हात तिला एकदम आठवले असावेत. ती बाबांच्या समोर जाऊन उभी राहिली, आणि आल्यापासून पहिल्यांदा तिच्या तोंडून घरची भाषा निघाली. “बाबा, काऊन सांगतलं तुमी असं? साऱ्या गावाले? याहिच्याबद्दल?”

बाबांनी आईकडे पाहिले. आईने मान फिरवली. माझ्याकडे पाहिले, मी अनारशांचे ताट उचलले. मास्टर फाटकाशी थांबले होते, तेही वळून बघत होते. तीस वर्षांचा जोड्यांचा जाणकार एकदा ओठ चाटून घेऊन, अंगणाच्या पार टोकाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला:

“मले जोडे करता येत नाई असं म्हनन्यापेक्षा जवाई लंगडा हाय म्हननं सोपं होतं ना, बाई.”